वैद्यकतपस्विनी कै. डॉ. रखमाबाई

मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निवाड्यांत दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई ह्या नावाचा एक दावा आहे. कायद्याच्या अभ्यासकांना तो आजही वाचावा लागतो. त्यातील वादी आणि प्रतिवादी हे दोघेही आपल्या सुतार ज्ञातीचे. हा दावा बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण ज्या ध्येयासाठी ह्या बाईंनी तो दावा अंगावर घेतला आणि तो संपल्यावर पुढली पस्तीस वर्षे ज्या कामात घालविली, त्याची माहिती आपल्या घरांतूनही फारशी आढळत नाही. म्हणून हे चरित्र दाव्यापाशी न थांबता पुढे नेण्याचा विचार आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना ही कन्या झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्या काळी ब्राह्मण किंवा प्रभू घराण्यात अशा मुलीच्या कपाळी काय येई हे सर्वांस ठाऊक आहे. आपल्या ज्ञातीत मात्र पुनर्विवाहास बंदी नव्हती, आणि ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. वैधव्यानंतर सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन ह्या विद्वान गृहस्थाशी झाला. पहिल्या पतीची मिळकत त्यांनी तत्पूर्वीच मुलीच्या नावे करून दिली होती. ही मिळकत पुढे वादाचे एक कारण होणार होती.

डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्या ज्ञातीतील फार थोर पुरुष. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. औषधी वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता, आणि १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या मोजक्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंगांबरोबर हेही होते. अशा घरात ग्रंथ, औषधे, सुधारणेच्या चर्चा आणि विद्वानांची ये-जा ह्यांचा सहवास ह्या मुलीस लाभला. परंतु एवढ्या सुधारलेल्या घरातही रूढीचा उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते. अकराव्या वर्षी, १८७६ साली, तिचे लग्न लावून देण्यात आले. वर दादाजी भिकाजी, वय एकोणीस, डॉक्टरांचेच गरीब आप्त. लग्नाबरोबर शाळाही सुटली.

वराने सासऱ्याच्या आश्रयाने राहावे, शिकावे आणि संसारास योग्य व्हावे असे ठरलेले होते. येथे दादाजींवरही अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, विसाव्या वर्षी लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसणे कोणाही तरुणास जड जाईल. त्यांना ते साधले नाही. घरजावई म्हणून राहणेही रुचले नाही. ते आपले मामा नारायण धुरमाजी ह्यांच्या घरी गेले. तेथे अभ्यास मागे पडला, प्रकृती ढासळली, छातीच्या विकाराने अंथरूण धरले आणि कर्ज झाले. इकडे मुलगी वयात आली तेव्हा रूढीप्रमाणे गर्भाधान उरकण्याचा आग्रह झाला. पण डॉक्टर सखाराम अर्जुनांनी एवढ्या कोवळ्या वयात ते होऊ देण्यास साफ नकार दिला. वैद्य म्हणून त्यांना त्याचे परिणाम माहीत होते. रखमाबाई माहेरीच राहिल्या.

ह्या आठ वर्षांत त्या घरीच शिकत होत्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणावीत, इंग्रजी जुळवीत बसावे, आणि अडले तर विचारावे कोणास ह्याची विवंचना करावी, असा तो अभ्यास होता. पंडिता रमाबाईंनी सुरू केलेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना त्या जात. तेथे त्यांची मुंबईतील सुशिक्षित स्त्रियांशी ओळख झाली. आईला मात्र मुलीचे हे पुस्तकांचे वेड फारसे पसंत नव्हते. आपण मागे सरलो तर घरकामात कायमच्या गुंतून पडू, ही धास्ती त्या वयातही रखमाबाईंना होती. पुढे त्यांनी जे सोसले त्याचे मूळ ह्या धास्तीत आहे असे मला वाटते. नवऱ्याविषयीची नावड हे कारण होतेच, परंतु तेवढेच असते तर बायका पिढ्यान् पिढ्या सोसतात तसे त्यांनीही सोसले असते.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी सॉलिसिटरांमार्फत नोटीस पाठविली, आणि बायको नांदावयास यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. कोर्टात जाऊन बायकोला ओढून आणण्याची वहिवाट आपल्याकडे नव्हती. ही कल्पना विलायतेच्या धर्मकोर्टांतून आलेली. गंमत अशी की, असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची शिक्षा विलायतेच्या कायद्याने त्याच १८८४ साली काढून टाकली होती. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी कायद्याने सहा महिन्यांपर्यंतची कैद तशीच होती.

दावा चालू होण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन वारले. घरातील एकुलता एक आधार गेला. विसाव्या वर्षातल्या ह्या मुलीने त्याच उन्हाळ्यात टाइम्स ऑफ इंडियात हिंदू स्त्री एवढीच सही करून बालविवाहावर एक दीर्घ पत्र लिहिले, आणि सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्यावर दुसरे. त्या लेखांची भाषा, त्यातील युक्तिवाद आणि धिटाई पाहून ते कोणाचे ह्याविषयी बरेच कुतूहल माजले.

सप्टेंबर १८८५ मध्येच दावा न्यायमूर्ती पिन्हे ह्यांच्यापुढे आला. रखमाबाईंच्या बाजूने इनव्हेरॅरिटी व काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे उभे होते. पिन्हे ह्यांनी वादीच्या विरुद्ध निकाल दिला. जिथे नवराबायको एकत्र राहिलेच नाहीत तिथे सहवास परत मिळवून देण्याचा प्रश्नच कोठे येतो, आणि ज्या मुलीच्या संमतीचा लग्नाशी काडीचाही संबंध नव्हता तिला हुकूम देऊन पाठविणे हे माणुसकीला धरून नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. मुंबईत काही ठिकाणी आनंद झाला आणि बहुतेक ठिकाणी संताप. केसरी आणि मराठा ह्या पत्रांनी निवाड्यावर कडक टीका केली. परक्या सरकारने आमच्या विवाहधर्मात हात घालू नये, हे त्यांचे म्हणणे. लोकमान्यांबद्दलचा आदर यत्किंचितही कमी न करता आपण म्हणू शकतो की, ह्या एका प्रकरणात परक्या सत्तेविरुद्धच्या लढ्याचे ओझे एका एकट्या मुलीच्या खांद्यावर टाकले गेले.

अपिलात, १८८६ साली, मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली ह्यांनी पिन्हे ह्यांचा निवाडा फिरविला आणि दावा पुन्हा चालविण्यास सांगितले. तो न्यायमूर्ती फॅरन ह्यांच्यापुढे चालून ४ मार्च १८८७ रोजी हुकूम झाला की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिने कैद.

ह्या तारखेच्या आगेमागे काय घडत होते ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांनी अवघ्या सहाच दिवसांपूर्वी, २६ फेब्रुवारीस, पुण्यात प्राण सोडला होता. ज्या विद्येकडे रखमाबाईंचे लक्ष लागले होते ती मिळवून परत आलेली पहिली मराठी स्त्री एकाही रुग्णावर स्वतंत्रपणे उपचार करण्याआधीच गेली. बावीस वर्षांच्या रखमाबाईंपुढे एका बाजूस तुरुंग होता, आणि दुसऱ्या बाजूस हे उदाहरण.

त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. हुकूम मानणार नाही, शिक्षा भोगीन, असे त्यांनी स्वच्छ कळविले. ही गोष्ट नुसती शौर्याची म्हणून सांगावयाची नाही. हुकूम मानला तर सासरी जाणे होते, आणि सासरी गेल्यावर पुस्तके मिटणार होती. तुरुंगात सहा महिने काढले तर पुढले आयुष्य आपले राहील, असा विचार त्यांनी केला असावा.

मध्यंतरी दादाजींनी एक पत्रक काढून आरोप केला की, आई व आजोबा मिळकतीच्या लोभाने मुलीस अडवून ठेवीत आहेत. रखमाबाईंनी त्याला छापून उत्तर दिले. बेहरामजी मलबारी प्रभृतींनी त्यांच्या बचावासाठी एक समिती उभी केली. रखमाबाईंचे पत्र लंडनच्या टाइम्सपर्यंत गेले, तेथे ते छापून आले, आणि ह्या प्रकरणाची चर्चा विलायतेच्या घरांघरांतून होऊ लागली. सरकारलाही बाईला कैदेत टाकणे अडचणीचे वाटू लागले. अखेरीस जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना खर्चापोटी दोन हजार रुपये द्यावेत आणि त्यांनी हुकुमाची अंमलबजावणी करू नये, असे ठरले. दादाजींनी पुढल्याच वर्षी दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी मात्र पुन्हा विवाह केला नाही. ज्या ज्ञातीने त्यांच्या आईला वैधव्यातून वर काढले, तिच्याच रूढीत कन्येला न पटलेल्या नवऱ्यापासून सन्मानाने दूर होण्याची वाट नव्हती. ती दोन हजार रुपयांना विकत घ्यावी लागली. आपल्या ज्ञातीचा अभिमान सांगताना हीही बाजू सांगितली पाहिजे.

ह्या काळात रखमाबाईंना धीर देणारी जी माणसे भेटली त्यांत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. ईडिथ पीची ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ह्या बाईंची स्वतःची कहाणी ऐकण्यासारखी आहे. एडिंबरोच्या विद्यापीठात १८६९ साली वैद्यक शिकावयास गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. रसायनशास्त्रात पहिल्या येऊनही त्यांना पारितोषिक नाकारले, पुरुष विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दारात दंगा केला, आणि शेवटी पदवीही मिळाली नाही. ती त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जाऊन मिळविली. १८८३ साली त्या मुंबईस आल्या. रखमाबाईंची वैद्यकाची ओढ पाहून त्यांनीच लंडनला जाण्याचा सल्ला दिला व पैसा उभा करण्याच्या खटपटीस मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. विलायतेत वॉल्टर व ईव्हा मॅक्लॅरेन ह्या दांपत्याने त्यांची पाठराखण केली.

इ. स. १८८९ साली रखमाबाई लंडनला निघाल्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात त्यांनी नाव घातले. ज्या मुलीची शाळा अकराव्या वर्षी सुटली होती, जिने गणित व शास्त्र हे विषय कोणत्याही वर्गात बसून शिकले नव्हते, तिने इंग्रजी माध्यमातून शरीरशास्त्र, रसायन आणि शस्त्रक्रिया ह्यांचा अभ्यास करावयाचा होता. देशाबाहेरची थंडी होती, खर्चाची काळजी होती आणि मुंबईहून येणाऱ्या पत्रांत दाव्याची आठवण होती. पाच वर्षे हा अभ्यास चालला. रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण झाले. १८९४ साली त्या परीक्षा उत्तीर्ण होऊन डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवीही त्यांनी मिळविली. दाव्याची नोटीस येऊन दहा वर्षे झाली होती.

मुंबईस परत आल्यावर काही काळ त्यांनी कामा हॉस्पिटलात काम केले, आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्याचा कारभार हाती घेतला. तेथे त्या बावीस वर्षे होत्या. मुंबईत दवाखाना थाटून अधिक पैसा व नाव मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. पण सुरतेस जी गरज होती ती मुंबईस नव्हती, आणि जेथे आपले नाव वर्तमानपत्रांतून गाजले त्या शहरापासून दूर राहून काम करणे त्यांना बरे वाटले असावे.

दवाखाना होता, पण बायका येत नव्हत्या. बाळंतपण घरीच व्हावयाचे, सुईणीच्या हाती, कोंदट काळोख्या खोलीत. इस्पितळात पाऊल टाकले की माणूस परत येत नाही, असा समज होता. सुरतेकडे एक आठवण सांगतात. रखमाबाईंनी एका गाभण शेळीस दवाखान्यात आणविले, सर्वांच्या देखत तिचे बाळंतपण केले आणि शेळी व करडू सुखरूप घरी गेली. लोकांना पटले की, येथे जीव जात नाही, येतो. आख्यायिका म्हणून सोडून दिली तरी तिच्यावरून त्या काळच्या अडचणी कळतात. ज्या बाईला न्यायमूर्तींपुढे आपले म्हणणे मांडण्याची सवय होती, तिला आता अडाणी सासवा-सुनांपुढे आपले म्हणणे शेळीच्या साक्षीने मांडावे लागले!

नंतरच्या काही वर्षांत सुरतेवर प्लेगाची साथ आली. गावेच्या गावे ओस पडत होती, घरातली माणसे आजाऱ्याला टाकून पळत होती. अशा वेळी रखमाबाई आपल्या जागी राहिल्या. त्यांच्या ह्या कामाबद्दल सरकारने पदक देऊन त्यांचा गौरव केला.

१९०४ साली दादाजी भिकाजी वारले. तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष घेतला असे नमूद आहे. ही गोष्ट वाचून मन थबकते. वीस वर्षांपूर्वी सक्तीच्या वैधव्यावर ज्यांनी एवढे जळजळीत लेख लिहिले, हायकोर्टाला जे नाते मान्य असूनही ज्यांनी मानले नाही, त्यांनीच हा वेष का घेतला? कोणी म्हणतील, जनरीत म्हणून. कोणी म्हणतील, ज्या बायकांत काम करावयाचे त्यांना दुखवू नये म्हणून. मला स्वतःला वाटते की, ज्या माणसाशी आपण झगडलो त्याच्याशी आपले काही देणेघेणे उरले आहे, असे त्यांना वाटले असेल. नक्की कारण कोणीच सांगू शकणार नाही, आणि अशा माणसांचे सगळेच आपल्या हिशेबात बसले पाहिजे असाही नियम नाही.

सुरतेनंतर त्या राजकोटला गेल्या व तेथील संस्थानच्या स्त्री-रुग्णालयाचा कारभार त्यांनी १९३० च्या सुमारापर्यंत पाहिला. सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत अधिकाराची जागा देऊ केली असता त्यांनी ती नाकारून राजकोट पसंत केले. काठियावाडात पडद्याची चाल कडक, त्यामुळे रुग्ण पाहण्यासाठी आतल्या दालनांत जावे लागे. ह्या अनुभवातूनच १९२९ साली पडदा पद्धत नाहीशी व्हावी म्हणून त्यांनी इंग्रजीत लेख लिहिला. वयाच्या पासष्टाव्या वर्षीही लेखणी तशीच होती, फक्त आता खाली स्वतःचे नाव होते.

सुरतेच्या दवाखान्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. बालविवाहाच्या बाबतीत त्यांच्या दाव्याने जी चर्चा माजली तिचा परिणाम असा झाला की, मलबारींच्या खटपटीस बळ येऊन १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला व दहाऐवजी बारा ही मर्यादा ठरली. आज ती फार थोडी वाटते. त्या वेळी तिच्यापायी पुणे-मुंबईत भांडणे झाली.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. देशात स्वातंत्र्य आलेले त्यांनी पाहिले, संविधान झालेले पाहिले. ज्या तुरुंगाची धमकी त्यांना १८८७ मध्ये मिळाली होती, ती शिक्षा १९२३ साली दिवाणी कायद्यातून काढून टाकण्यात आली होती. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. त्यात पत्नीलाही घटस्फोटाचा हक्क आला, तसा नवव्या कलमात सहवास परत मिळविण्याचा दावाही राहिला. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी डॉ. रखमाबाई वारल्या.